काय नाय ओ, सिस्टर

पहाटे ५.००

आज नळाला पाणी यायचा दिवस, म्हणून घर माझ्या आधी उठलंय. सोलापुरात पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांआड येतं. आलं की पिंप, घागरी, बादल्या, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं. सासूबाई पायरीवर बसून पाइप धरतात. त्या धारेकडे बघताना दर वेळी माझ्या डोक्यात हिशोब सुरू होतो. डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला ५०० मिलिलिटर द्रव वाहतो, म्हणजे चार तासांत १२० लिटर. एका माणसाच्या एका खेपेला एवढं. इथे दारात आम्ही तांब्या-तांब्याने मोजतो.

दसरा परवा झाला, कोजागिरी तीन दिवसांवर आहे. हॉस्पिटलकडे जाताना तुळजापूरच्या रस्त्याला लागलेला पहिला जथा दिसला. पाठीला पिशवी, कपाळाला कुंकू, पाय अनवाणी. सोलापूरहून देवीपर्यंत पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. वाटेत मंडप लागतील, चहा मिळेल, कुणी पायाला तेल चोळून देईल. बाकीच्या सोलापूरकरांना या दिवसांत भक्ती दिसते. मला आधी तळवे दिसतात. सवयच झाली आहे.

६.००

आमच्या युनिटला दहा मशीन आहेत. टेक्निशियन भाऊंनी पाण्याचा आरओ प्लांट सुरू करून क्लोरीनची चाचणी केली. नळाच्या पाण्यातला क्लोरीन पिणाऱ्याला काही करत नाही, पण डायलिसिसमध्ये तो रक्तात शिरून तांबड्या पेशी फोडू शकतो. ही चाचणी चुकवून एकही मशीन सुरू होत नाही.

माझं पहिलं काम मात्र दारात असतं. पेशंटनी चपला बाहेर काढायच्या हा आमचा नियम. पूर्वी ते तसेच अनवाणी आत यायचे. एकदा एका काकांच्या टाचेत काच सापडली. इंजेक्शनच्या फुटलेल्या अँप्यूलची, आमच्याच फरशीवरची. त्यांना ती टोचल्याचं कळलंसुद्धा नव्हतं. तेव्हापासून आत घालायला मऊ स्लिपर वेगळ्या ठेवल्या आणि मी दारातल्या चपला वाचायला लागले.

चपला पुष्कळ सांगतात. एकाच कडेने झिजलेली टाच सांगते की वजन एकीकडे पडतंय. अंगठ्याखाली पडलेला खोल खड्डा सांगतो की तिथे कातडी जाड झाली असणार. मागच्या महिन्यात एक मावशी एकाच चपलेवर आल्या. दुसरी रिक्षात राहिली होती आणि पाय बधिर असल्याने त्यांना पत्ताच नव्हता. त्या दिवशी आम्ही खूप हसलो. घरी गेल्यावर मात्र मला त्या हसण्याची लाज वाटली.

आज रांगेतल्या एका डाव्या चपलेत हात घातला आणि बोटाला टोचलं. मोच्याने तळाला ठोकलेली चूक, तळ झिजल्याने, आतून वर आली होती. तांदळाच्या कणीएवढं टोक. मोच्याकडच्या खिळ्यालाही चूक म्हणायचं आणि माणसाच्या हातून होते तिलाही चूकच. ज्याने कुणी हा शब्द रुळवला त्याला पायांची माहिती असावी. चप्पल सहा नंबरच्या बेडची होती. रिक्षावाले दादा.

६.३०

वजनकाट्यावर एकेक जण. दोन डायलिसिसमध्ये किती पाणी साठलं ते वजनावरून कळतं, आणि पायावरूनही. नडगीवर अंगठा दाबून सोडला की खळगा राहतो. सुजलेल्या पावलावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटलेला असतो. चार तासांनी हाच पाय बारीक होईल आणि तीच चप्पल ढिली पडेल. सकाळी चावणारी आणि दुपारी घसरणारी, अशी एकच चप्पल या माणसांच्या वाट्याला येते. म्हणून आम्ही वेल्क्रोचा पट्टा सांगतो, कमी-जास्त करता येणारा.

रिक्षावाल्या दादांचं वजन चार किलो दोनशेने वाढलेलं.

“दसरा झाला ना सिस्टर. शेंगाचटणी, कडक भाकरी. सोडवत नाय ओ.”

“आणि पायाला काय झालंय?”

“काय नाय ओ, सिस्टर.”

हे उत्तर मी तीन भाषांत ऐकते. सोलापूरच आहे तसं. पद्मशाली विणकर काका म्हणतात “एमी लेदू”, अक्कलकोटकडच्या आजी म्हणतात “एनू इल्ला”. तिन्हींचा अर्थ एक, आणि तिघेही खरंच बोलत असतात. पायाकडून त्यांना काही निरोपच आलेला नसतो. वर्षानुवर्षांच्या साखरेने पायाच्या नसा मारलेल्या, किडनी गेल्यावर रक्तात साठणाऱ्या विषाने उरल्यासुरल्याही दुबळ्या केलेल्या. त्यात डोळ्याच्या पडद्याला साखरेने धरलेलं, म्हणजे दिसतही नाही. कंबर वाकत नाही, म्हणजे तळवा बघताही येत नाही. असा माणूस “काय नाय” म्हणतो तेव्हा ती बातमी नसते, बातमी पोचली नसल्याची खूण असते.

७.००

सुया टाकणं, नळ्या जोडणं, हेपरीन, पंप. या तासात बोलायला सवड नाही. दहाही मशीन सुरू झाली की खोलीत घरघर बसते आणि दहा सोलापुरी चादरी गळ्यापर्यंत ओढल्या जातात. रक्त शरीराबाहेर फिरून येतं, आणि बीपी टिकावं म्हणून आम्ही काहींच्या द्रवाचं तापमानही उतरवून ठेवतो. त्यामुळे थंडी वाजते. चादर लागतेच.

या चादरीचंच आम्हाला नडलं होतं.

चार नंबरला मास्तर असतात. निवृत्त शाळामास्तर, डावा पाय गुडघ्याखाली नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका युनिटमध्ये होते तेव्हापासून मी त्यांना मशीनवर घेते. त्या वेळी दोन्ही पाय होते. करंगळीवर कुरूप झालं, म्हणून त्यांनी दुकानातून कुरूपाची पट्टी आणून लावली. तिच्यातलं आम्ल जाड कातडी खातं, पण बधिर पायावर कुठे थांबायचं हे त्याला कोण सांगणार? खालची चांगली कातडीही गेली. मास्तर आठवड्यातून दोनदा माझ्यासमोर चार-चार तास झोपत होते. मी बीपी लिहीत होते, पंपाचा वेग लिहीत होते, साखर लिहीत होते. मशीनमध्ये बुडबुडा आला तर मशीन ओरडतं. दाब चढला तर ओरडतं, नळी दुमडली तर ओरडतं. हातभर अंतरावर चादरीखाली पाय सडत होता आणि तिथे ओरडायला काहीच नव्हतं. शेवटी वास आला. त्या दिवशी मी चादर उचलली.

आजही ती चादर मी पहिली उचलते. मास्तर म्हणतात, “या. माझा एकच बघायचाय, तुमचा निम्मा वेळ वाचवलाय मी.” मी हसत नाही. त्यांना चालतं.

उरलेल्या पायाला धोका जास्त, कारण आता सगळा भार त्याच्यावर. शिवाय ज्या आजाराने पहिल्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद केल्या तो दुसऱ्याला वगळत नाही.

७.५०

पायांची फेरी आम्ही पहिल्या दीड तासातच उरकतो. पुढे बीपी पडायला लागतं, पायात गोळे येतात, मग कुणाचा पाय धरून प्रश्न विचारणं बरं नाही. ट्रेमध्ये टॉर्च, हातआरसा, १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क, नायलॉनचा दोरा आणि वही. दर पेशंटला नवे ग्लोव्हज. एकाची बुरशी दुसऱ्याला पोचवणारी सिस्टर व्हायचं नाही.

मधुमेह आणि डायलिसिस दोन्ही असलेल्या, बधिर पायाच्या माणसाची गणना सर्वांत वरच्या धोक्याच्या गटात होते. अशांची पूर्ण तपासणी एक ते तीन महिन्यांतून एकदा व्हावी असं जगभरचे पायाचे तज्ज्ञ सांगतात. आम्ही ती महिन्याला करतो. नुसती नजर मात्र दर डायलिसिसला. बोटांच्या बेचक्या, टाच, तळवा, नखं. मग माझ्या हाताची पाठ आधी एका पावलावर, मग दुसऱ्यावर. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा दोन अंशांनी गरम लागलं तर जखम दिसत नसतानाही आत काहीतरी पेटलंय असं धरायचं. कधी जंतूंचा प्रादुर्भाव असतो, कधी बधिर पायातली हाडंच न दुखता मोडत असतात.

एक नंबर: बिडीवाल्या मावशी. वीस वर्षं मांडी घालून बिड्या वळल्या, त्यामुळे घोट्याच्या बाहेरच्या हाडावर रुपयाएवढा घट्टा. पुस्तकांतले घट्टे तळव्यावर असतात. आमच्याकडच्या जमिनीवर बसणाऱ्या बायकांचे घोट्यावरही असतात. आज घट्टा कोरडा आहे, पण सुजेमुळे जोडवी बोटात रुतलीत.

“काढू या मावशी?”

“मालक हायेत की अजून. कसं काढू?”

हा प्रश्न वैद्यकीय नाही, तरी सोडवावा मलाच लागतो. “काढून दोऱ्यात ओवा आणि गळ्यात मंगळसूत्राशेजारी घाला. मालकांना आणखी वरची जागा मिळाली.” मावशी मान वळवून लाजल्या. वंगण लावून जोडवी निघाली. खाली ओला, लालसर वळ. अजून दोन आठवडे गेले असते तर तिथे जखम झाली असती.

तीन नंबर: विणकर काका. शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात चिखल्या. दसरा झाला तरी यांच्या बोटांत अजून श्रावणच. पाय धुतात, पुसत नाहीत. आणि नडगीवर नखांचे ओरखडे. किडनीच्या आजारात खाज सुटते, कातडी भाकरीच्या पापुद्र्यासारखी कोरडी पडते. झोपेत खाजवतात. बुरशीचं मलम बेचक्यांत आणि खोबरेल तेल बाकी सगळीकडे, बेचक्यात नाही. हे मी मराठीत सांगते, भाऊ तेलुगूत सांगतात, काका दोघांकडे बघून मान हलवतात.

पाच नंबर: आजी. टाच गादीवर टेकलेली, आणि जिथे टेकली तिथे जांभळट डाग. चार तास निश्चल झोपलं की टाचेच्या टोकावर पायाचा भार एकवटतो. आपण कूस बदलतो, कारण आपल्याला दुखतं. आजींना दुखत नाही. पोटरीखाली उशी दिली आणि टाच हवेत सोडली. फुकटातला उपाय. युनिटला पाच जादा उश्या मागायला मात्र मला तीन अर्ज करावे लागले.

सहा नंबर.

८.२०

“दादा, डोळे मिटा. पायाला काही लागलं की ‘हो’ म्हणायचं.”

नायलॉनचा दोरा आधी त्यांच्या हातावर टेकवून दाखवला. दोरा धनुष्यासारखा वाकला की दहा ग्रॅमचा दाब पडला. एवढाही न कळणाऱ्या पायाचं रक्षण वेदना करणार नाही. मग अंगठा, अंगठ्याखालची गादी, करंगळीखालची गादी.

“हो... हो... हो.”

पहिल्या ‘हो’ला मी दोरा लावलाच नव्हता.

डाव्या पायाच्या गादीवर टॉर्च मारला. वाळलेल्या रक्ताचा एक ठिपका, तिळाएवढा. भोवती लाली नाही, ऊब नाही, पू नाही. मी त्यांच्या हातात आरसा दिला. त्यांनी स्वतःचा तळवा कुणा परक्याचा असावा तसा बघितला.

“हे कधी झालं?”

“चपलेला विचारा,” मी म्हटलं. “तीन-चार दिवस रोज टोचत असणार.”

थोडा वेळ गप्प राहून त्यांनी खरं काय ते सांगितलं. कोजागिरीला तुळजापूरला चालत जायचं होतं. अनवाणी. डायलिसिस लागलं तेव्हा बोललेला नवस होता, की सुटलं तर चालत येईन. सुटलं नव्हतं, पण आता न सुटताच जायचं ठरवलं होतं.

पलीकडून मास्तरांनी विचारलं, “परत कसा येणार आहेस?”

“एस्टीनं.”

“मी नुसता मेडिकलच्या दुकानापर्यंत चालत गेलो होतो,” मास्तर म्हणाले आणि चादर ओढून घेतली.

९.४०

मशीनने गजर केला. सहा नंबर. बीपी ऐंशीवर, कपाळाला घाम. पाणी ओढणं बंद, पाय उंच, सलाइन. मी त्यांच्या बोटांना हात लावला. बर्फ.

याचा धागा शेंगाचटणीपर्यंत जातो. चटणीत मीठ, मिठाने तहान, तहानेने पाणी, पाण्याने वजन. चार तासांत ते सगळं ओढायचं म्हणजे रक्तातून पाणी झपाट्याने कमी होतं. शरीर मग हृदय आणि मेंदू सांभाळतं आणि हातापायांचं रक्त आखडतं घेतं. धडधाकट पायाला हे चार तास सोसतात. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याची बोटं तेवढा वेळ उपाशी राहतात, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, वर्षानुवर्षं. जखम असेल तर भरता भरत नाही. ताशी, किलोमागे १३ मिलिलिटरच्या वर पाणी ओढू नये असा एक दंडक आम्ही पाळतो. साठ किलोच्या माणसाचे चार तासांत तीन लिटर आणि वर थोडं, इतकंच. दादांना चार लिटरच्या वर काढायचंय. उरलेलं आज काढायचं नाही, उद्या पुन्हा बोलवायचं.

“चटणीनं पाय जातो असं कुणी सांगितलं नव्हतं ओ,” बीपी वर आल्यावर ते म्हणाले.

१०.४५

पहिली शिफ्ट क्लोज करायची. नऊ नंबरच्या भाभींच्या टाचेला जुनी जखम आहे. त्यांचं अँटिबायोटिक डायलिसिसच्या शेवटी मशीनच्या नळीतूनच जातं, वेगळी सुई नको. ड्रेसिंगही इथेच, बेडवर झोपल्या झोपल्या. गावाहून एस्टीने येणाऱ्या बाईला उद्या पुन्हा ड्रेसिंगसाठी या म्हणून सांगणं म्हणजे येऊ नका म्हणूनच सांगणं. मजुरी बुडते, सोबतीला येणाऱ्या मुलाचीही बुडते. डायलिसिस सरकारी योजनेतून फुकट झालं तरी एस्टीचं तिकीट आणि बुडालेला दिवस योजनेत बसत नाहीत. माणूस आठवड्यातून दोन-तीनदा इथे येतोच, तर त्याच्या पायाचं सगळं इथेच व्हावं, हा माझा एकमेव हट्ट आहे.

उठताना चक्कर येते, म्हणून पाच मिनिटं पाय खाली सोडून बसवतो. मग आतल्या स्लिपरचे पट्टे आवळून देतो.

११.३०

बाहेरच्या बाकावर नातेवाईकांची शाळा. आज चौघी बायका आणि एक नातू. मी रोज तेच सांगते, फक्त नकारांची यादी श्रोत्यांवरून बदलते. गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही. थंडी वाजली तर मोजे आणि चादर. बादलीतलं पाणी आधी तुमच्या कोपराने बघा, त्यांच्या पायाने नाही. मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसायचं नाही. भेगा, कुरूप, घट्टे ब्लेडने कापायचे नाहीत. नख सरळ कापा, कोपरे कोरू नका. मोजे पांढरे घाला, म्हणजे रक्त लागलं की दिसेल. चप्पल घालण्याआधी आत हात. आणि चाळीत उंदीर असतील तर रात्री पाय झाकून, मच्छरदाणी खोचून झोपवा.

शेवटच्या वाक्याला नेहमी कुणीतरी हसतं. बधिर बोट उंदराने कुरतडलेलं मी पाहिलंय. तो माणूस सकाळपर्यंत झोपला होता.

नातवाने विचारलं, “आणि साखर अचानक वाढली तर?” हुशार पोरगा. या माणसांना जखम पिकली तरी ताप येईलच असं नाही, दुखेलच असं नाही. कारण नसताना चढलेली साखर हाच कधी कधी पायाचा एकुलता निरोप असतो. “आधी मोजे काढून बघायचं,” मी म्हटलं, “मग आम्हाला फोन.”

१२.३०

डॉक्टर मॅडमचा राउंड. रिक्षावाल्या दादांना थांबवून ठेवलं होतं. मॅडमनी जखम साफ करून सळीने खोली बघितली, हाडाला लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. आत टोक मोडलं नाही ना, म्हणून एक्सरे काढला.

खिळ्याचा तुकडा नव्हता. पण फिल्मवर, पावलाच्या हाडांमधून रेल्वेच्या रुळांसारख्या दोन बारीक पांढऱ्या रेषा गेल्या होत्या. साध्या एक्सरेत रक्तवाहिनी दिसत नसते. ती दिसते, याचा अर्थ तिच्या भिंतीत चुना साठलाय. किडनीच्या आजारात कॅल्शियम-फॉस्फरसचा हिशोब बिघडतो आणि हाडातला चुना नको तिथे बसतो. म्हणूनच पायाचं बीपी दंडाच्या बीपीशी ताडून बघण्याची नेहमीची चाचणी इथे फसवते. नऊ दशांशाच्या खाली आलं तर रक्त कमी, हे खरं. दादांचं एक पूर्णांक चार दशांश आलं. कागदावर झकास. प्रत्यक्षात वाहिनी इतकी कडक, की पट्ट्याने दाबलीच जात नाही. मॅडमनी अंगठ्याचा रक्तदाब आणि डॉपलर लिहून दिलं.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचाही रिपोर्ट असाच गोडबोल्या निघतो. रक्त कमी असतं, रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असतात, तांबड्या पेशी पुरते दिवस जगत नाहीत, त्यामुळे आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. डायलिसिसच्या माणसाच्या बाबतीत कागदही कधी कधी “काय नाय” म्हणतो.

“अँटिबायोटिक?” मी विचारलं.

“जंतूंची लक्षणं नाहीत, तर नको. भार नको, ड्रेसिंग हवं, आणि तुमची नजर हवी. उद्या परत दाखवा.”

१.४०

डबा. ज्वारीची भाकरी, मेथी, शेंगाचटणी. चटणी उघडली, झाकली, शेवटी खाल्लीच.

२.१५

दुसऱ्या शिफ्टची फेरी चालू असताना चपलांचा वाद. सात नंबरच्या काकांना एमसीआरची चप्पल लिहून दिली होती. मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची, भार तळवाभर पसरवणारी. मिळाली, पण घालत नाहीत.

“ती महारोग्यांची चप्पल आहे सिस्टर. बघणारे ओळखतात.”

खरंच आहे. हे रबर आपल्या देशात बधिर पायांसाठी रुळलं ते कुष्ठरोगाच्या कामातून. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना हरपल्याने लक्षात न आलेल्या जखमा त्यांना खातात. मधुमेहाच्या पायाचं बरंचसं शास्त्र त्याच ओसरीवरून आलंय. काकांना मी एवढं सगळं सांगत नाही. मी म्हणते, “तळ तोच ठेवू, वरचा पट्टा तुमच्या आवडीच्या चामड्याचा लावून घेऊ. अंगठा मात्र नको.” चपलेचा अंगठा बधिर बोटांमध्ये करवतीसारखा चालतो, आणि मागे पट्टा नसला तर चप्पल निसटून रस्त्यात राहते. बाजारातला एक मोची आता आमचे पट्टे नीट शिवतो. त्याने एकच अट घातली, की “चूक ठोकणार नाही, चिकटवून शिवणार.” ही अट खरं तर आम्ही घालायला हवी होती.

३.४५

वही. बेड नंबर, उजवा, डावा, कातडी, बेचक्या, टाच, नाडी. पावलाच्या पाठीवरची आणि घोट्यामागची नाडी लागली का, दोरा कळला का, चप्पल. शेवटचा रकाना शेरा. आजच्या दोन शिफ्टमध्ये मधुमेहाचे तेरा जण. आठ शेरे एकच: ‘काही नाही’.

हे दोन शब्द लिहायला मला आवडतात. पेशंटच्या तोंडी असतात तेव्हा त्यांवर विश्वास ठेवायचा नाही. बोटं फाकवून, टाच उचलून, टॉर्च मारून लिहिले की तेच शब्द सोन्याचे. आमच्या कामाचा अडचणीचा भाग असा, की ते चांगलं झालं तर दाखवण्यासारखं काही उरत नाही. कापलेला पाय मोजता येतो. न कापलेला पाय चपला घालून घरी निघून जातो.

सहा नंबरचा शेरा लांबला: ‘डावा तळवा, अंगठ्याखाली चूक टोचल्याची जखम, खोल नाही. एक्सरे झाला. डॉपलर बाकी. उद्या बघणे. चप्पल जप्त.’

४.१०

चप्पल खरंच जप्त केली होती. दादा पट्टी बांधलेल्या पायाने, मऊ तळाच्या उसन्या चपलेत, बायकोच्या आधाराने जिन्यापाशी उभे.

“मग देवीला काय सांगू, ताई?”

दिवसभर सिस्टर होते, आता ताई झाले. याला पुस्तकात उत्तर नाही. डॉक्टर मॅडमनी नाही म्हटलं तर तो सल्ला होतो. मी नाही म्हटलं तर आडकाठी. आणि ज्याला किडनी परत मिळणार नाही त्याच्याकडून नवसही काढून घ्यायचा म्हणजे काय ते मला कळतं.

“देवी पौर्णिमेपर्यंत निद्रेत असते ना? ती उठली की रिक्षा घेऊन जा दोघं. सांगा, एका नर्सनं अडवलं. दोष माझ्या माथी घाला.”

बायको पहिल्यांदाच बोलली. “मी चालते यांच्या वाटणीचं. चप्पल घालून.” मग माझ्याकडे वळून, “आणि मला साखर नाही. तपासलीय.”

“पाय दाखवा,” मी म्हटलं. जिन्यातच बघितले.

४.४०

तिसरी शिफ्ट आत गेली. हँडओव्हर देताना संध्याकाळच्या सिस्टरला तीन गोष्टी सांगितल्या: पाच नंबरची टाच, जोडवीखालचा वळ आणि उद्या जादा येणारा सहा नंबर. बीपीचे आकडे तिला वहीत दिसतीलच.

दारात आता दुसऱ्याच चपलांची रांग. माझी चप्पल कोपऱ्यात होती. घालण्याआधी उजवीत हात घातला, टाचेपासून टोकापर्यंत बोटं फिरवली. मग डावीत. मला साखर नाही, पाय बधिर नाहीत, खडा टोचला तर मी ओरडेन. तरी हात जातोच.

उशिरा आलेले एक काका स्लिपर चढवता चढवता थांबले.

“काय हरवलं का, सिस्टर?”

“काही नाही,” मी म्हटलं.